घड्याळाने किती वेळा बघावं? मनगटावरच्या बॅटरीचा आणि अचूकतेचा हिशेब

माझ्या वडिलांचं वय ८२. त्यांच्यासाठी मी एक मनगटी घड्याळ घेतलं, माणूस पडला तर आपणहून ओळखणारं आणि घरच्यांच्या फोनवर कळवणारं. घेताना मी एकच गोष्ट बघितली होती: ते पडणं किती अचूक ओळखतं. महिन्याभराने एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर घड्याळ टेबलावर, चार्जरला लावलेलं. दीड दिवसात बॅटरी संपते म्हणून वडील रोज झोपताना ते काढून ठेवत होते. आणि त्यांच्या पडण्याची आम्हाला धास्ती होती ती नेमकी रात्रीचीच. झोपेतून उठायचं, अर्धवट अंधारात भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जायचं. त्या वाटेवर घड्याळ त्यांच्या हातात कधी नव्हतंच.

टेबलावर पडलेल्या घड्याळाची अचूकता शून्य. ही गोष्ट एकदा मनात बसली की ‘बॅटरी जास्त हवी की अचूकता’ असं विचारावंसंच वाटत नाही, कारण बॅटरी हा अचूकतेचाच एक भाग आहे. विचारायचं ते एवढंच, की हाताशी असलेली मोजकी वीज कुठल्या चुका टाळायला खर्च करायची. ते ठरवायचं तर घड्याळाच्या आत काय चालतं ते थोडं बघावं लागेल.

हालचाल ओळखणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उपकरणाचा पाया म्हणजे अ‍ॅक्सेलेरोमीटर. सिलिकॉनच्या चिपमध्ये सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला एक इवलासा तुकडा असतो. हात हलला की तो किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्यामुळे विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि तो बदल आकड्याच्या रूपात बाहेर येतो. असे आकडे तीन दिशांचे. हात स्थिर असला तरी गुरुत्वाकर्षण जाणवत राहतं, म्हणून मनगट कुठल्या बाजूला झुकलंय हेही कळतं. चालणं, झोपणं, पडणं हे शब्द घड्याळाला ठाऊक नसतात. त्याच्यापुढे असते ती आकड्यांची माळ. त्या माळेतल्या लयीवरून ते अंदाज बांधतं.

मग ही माळ किती दाट विणायची? सेकंदाला किती वेळा मोजायचं?

दोनदा बघणारं यंत्र

समजा, एक यंत्र कमरेला बांधलंय आणि वीज वाचवायची म्हणून ते सेकंदाला दोनदाच मोजतं. आपण साध्या चालीने चालतो तेव्हा पावलंही सेकंदाला साधारण दोनच पडतात. म्हणजे यंत्र डोळा उघडेल तेव्हा प्रत्येक वेळी पाऊल त्याच टप्प्यावर असेल. टाच जमिनीला टेकली की मोजलं, पुन्हा टाच टेकली की मोजलं. मधला सगळा चढउतार नोंदीत आलाच नाही. आकडे आले ते सगळे सारखे, आलेख सरळ रेषेचा, आणि यंत्राचा निष्कर्ष असा की माणूस स्वस्थ बसलाय.

आता चाल जराशी वाढवा. पावलं सेकंदाला २.१ झाली, तर प्रत्येक मोजणीला टप्पा थोडाथोडा सरकत जातो आणि आलेखात दहा सेकंदांत एकदा येणारी संथ लाट दिसू लागते. ती बघून यंत्राला वाटेल, कोणीतरी खुर्चीत बसून हळूहळू झुकतंय. खरं तर माणूस झपाझप चाललेला आहे. यात अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामचा दोष नाही. खोटी लाट मोजणीतच जन्माला आली.

या फसगतीचा नियम हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन या दूरसंचारावर काम करणाऱ्या अभियंत्यांच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कामातून पक्का झाला: ज्या वेगाने गोष्ट बदलते त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं, तरच ती नीट पकडता येते. माणसाच्या रोजच्या हालचालींचा बहुतेक भाग सेकंदाला २० आवर्तनांच्या, म्हणजे २० हर्ट्झच्या आत येतो. त्यामुळे सेकंदाला ५० वेळा मोजणं ही या क्षेत्रात रुळलेली निवड आहे. संशोधकांमध्ये फार वापरला जाणारा, यूसीआय, म्हणजे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेच्या संग्रहातला हालचालींचा एक माहितीसंच असाच आहे. ३० स्वयंसेवक, कमरेला स्मार्टफोन, चालणं, जिना चढणं, उतरणं, बसणं, उभं राहणं, आडवं होणं अशा ६ क्रिया, ५० हर्ट्झ, आणि २.५६ सेकंदांच्या खिडकीत १२८ नोंदी. प्रत्येक खिडकी बघून ‘हे चालणं आहे की बसणं’ असा एक निकाल.

पण सगळीकडे ५० लागतंच असं नाही. माणूस चालतोय की बसलाय एवढंच हवं असेल तर १० ते २० हर्ट्झमध्ये काम छान निभतं. पडण्याचं तसं नाही. जमिनीवर आदळल्याचा हिसका सेकंदाच्या काही शतांश भागांत उरकतो. १० हर्ट्झने मोजलं तर दोन नोंदींमध्ये सेकंदाचा दहावा भाग जातो, आणि तो हिसका बरोबर त्या फटीतून निसटू शकतो. एकदा निसटला की पुढे कितीही हुशार प्रोग्राम लावा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वीज नेमकी खातं कोण?

इथवर वाचून वाटेल की मोजणी वाढवली की बॅटरी जाणार, झालं. मीही बरेच दिवस तसंच समजत होतो. प्रत्यक्ष आकडे बघितल्यावर चित्र पालटलं.

घड्याळातली बॅटरी ३०० मिलिअँपिअर-तासांची धरू, म्हणजे एक मिलिअँपिअर प्रवाह ३०० तास पुरवणारी. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीची एडीएक्सएल३६२ नावाची अ‍ॅक्सेलेरोमीटर चिप सेकंदाला १०० वेळा मोजताना १.८ मायक्रोअँपिअर (मायक्रो म्हणजे मिलिचा हजारावा भाग) एवढाच प्रवाह घेते. नुसती ती चिप त्या बॅटरीवर चालवली, तर भागाकार येतो सुमारे १९ वर्षं! त्याच्या कितीतरी आधी बॅटरीच वयाने जाईल. म्हणजे नुसतं मोजणं हा खर्च नगण्य आहे. (इतक्या कमी विजेवर मोजताना आकड्यांत खरखर थोडी वाढते, पण पावलं ओळखायला ती आड येत नाही.)

आता जायरोस्कोप बघा. हात किती वेगाने वळतोय ते हा सांगतो. दात घासणं आणि भांडी घासणं यांतला फरक कळायला त्याची चांगली मदत होते. पण त्याच्या आतला तुकडा सतत थरथरता ठेवावा लागतो, कारण थरथरत्या वस्तूला वळवलं तरच ती बाजूला ढकलली जाते आणि ते ढकललं जाणं मोजता येतं. नुसतं टांगून ठेवून भागत नाही, अखंड हलवत ठेवायला वीज लागते. एमपीयू-६०५० या खूप वापरल्या गेलेल्या चिपमधला जायरोस्कोप ३.६ मिलिअँपिअर घेतो. वरच्या अ‍ॅक्सेलेरोमीटरच्या २,००० पट. तीच ३०० ची बॅटरी साडेतीन दिवसांत संपेल. नव्या चिपांनी हा आकडा बराच खाली आणलाय, तरी अंतर शेकडो पटींचं राहतंच.

नाडी मोजणाऱ्या हिरव्या दिव्याचा खर्च तो किती वेळ पेटतो यावर ठरतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं, आणि प्रत्येक ठोक्याला त्वचेखालचं रक्त कमीजास्त होतं म्हणून परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो. दिवा आपल्याला सतत लागलेला दिसला तरी तो क्षणभर पेटतो आणि विझतो. एका झपक्याला सेकंदाचा दहा हजारावा भाग आणि सेकंदाला असे २५ झपके धरले, तर पूर्ण सेकंदात तो जेमतेम अडीच मिलिसेकंद जळतो. इथे अचूकतेचा एक मजेशीर सापळा आहे. धावताना हात हिसके खातो, त्या हिसक्यांनीही प्रकाश कमीजास्त होतो, आणि घड्याळ कधीकधी पावलांची लयच नाडी म्हणून धरून बसतं. नाडी १४५ असताना पडद्यावर १७० दिसतं, कारण पावलं मिनिटाला १७० पडतायत. यावर दिवा आणखी प्रखर करून फारसा उपयोग नसतो. पट्टा घट्ट करणं आणि अ‍ॅक्सेलेरोमीटरच्या आकड्यांवरून पावलांची लय वजा करणं, हे दोन्ही जवळजवळ फुकट उपाय आहेत.

जीपीएस ही मात्र खरी उधळपट्टी. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचावर, त्यांचा संदेश येतो सेकंदाला फक्त ५० बिटांच्या गतीने, आणि एका उपग्रहाची नेमकी कक्षा सांगणारा मजकूर दर ३० सेकंदांनी पुन्हा फिरून येतो. घड्याळाला आधीचं काहीच ठाऊक नसेल तर तेवढा वेळ रेडिओ उघडा ठेवून ऐकत बसावं लागतं. फोन जवळ असला की तो ही माहिती इंटरनेटवरून आणून देतो, तेव्हा ही वाट बघणं वाचतं.

आणि सगळ्यात दुर्लक्षित खर्च म्हणजे मुख्य प्रोसेसरला उठवणं. सेन्सरने दर नोंदीला प्रोसेसरचं दार ठोठावलं तर ५० हर्ट्झला सेकंदात ५० वेळा त्याची झोपमोड होते. प्रत्येक वेळी जागं व्हायचं, आपले आतले ठोके स्थिर करायचे, तीन आकडे घ्यायचे, पुन्हा झोपायचं. उपाय साधा: सेन्सरने आकडे आपल्यापाशी साठवायचे आणि गठ्ठ्याने द्यायचे. वर सांगितलेल्या एडीएक्सएल३६२ मध्ये ५१२ आकड्यांची जागा आहे. तीन दिशांच्या मिळून साधारण १७० नोंदी झाल्या, ५० हर्ट्झला सुमारे साडेतीन सेकंदांच्या. म्हणजे १७० वेळा उठण्याऐवजी एकदाच. २०१३ साली अँड्रॉइड ४.४ मध्ये ही गठ्ठ्याची पद्धत आली, त्याच वर्षी आयफोन ५एसमध्ये हालचालींचे आकडे सांभाळायला एम७ हा वेगळा छोटा सहायक प्रोसेसर आला. फोन खिशात असताना दिवसभर पावलं मोजली जाऊ लागली ती या बदलांमुळे.

यात अचूकता किती गमावली? काहीच नाही. सगळे आकडे जसेच्या तसे मिळाले, फक्त साडेतीन सेकंद उशिरा. मला हा या सगळ्या विषयातला सगळ्यात मोलाचा धडा वाटतो. आपण बॅटरी आणि अचूकता असा दोन पारड्यांचा तराजू मनात धरतो, पण व्यवहारात तिसरं एक चलन आहे, विलंब. पावलांचा आकडा तीन सेकंद उशिरा आला तर कोणाचं काही बिघडत नाही. वडील पडल्याचा निरोप तीन सेकंद उशिरा आला तरीही काही बिघडत नाही. तेवढ्या उशिराच्या बदल्यात घड्याळ रात्रभर हातात राहणार असेल, तर तो सौदा मी डोळे मिटून करीन.

राखणदार आणि त्याच्या चुका

चांगल्या उपकरणात सगळे सेन्सर एकाच वेळी जागे नसतात. एक राखणदार जागा असतो, तोही अर्धवट. एडीएक्सएल३६२ ला नुसत्या पहाऱ्यावर बसवलं तर ती सेकंदाला साधारण ६ वेळा डोळा उघडते आणि खर्च उतरतो ०.२७ मायक्रोअँपिअरवर. काही हललं की ती वेग वाढवते. लय चालण्यासारखी वाटली तर पावलं मोजणारा भाग उठतो. जोराचा हिसका आला तर आणखी वरचे उठतात.

पडणं ओळखताना ही उतरंड कशी चालते ते जवळून बघू. हिसका बसला. आता काही सेकंदांपुरता जायरोस्कोप चालू करायचा, हात कसा वळला ते बघायचं. हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर त्याला विचारायचं: मनगट एक मीटर खाली आलं तर दाब सुमारे १२ पास्कलने वाढतो. एकूण दाब लाखाच्या घरातला, त्यात १२ चा फरक, तरी आजचे सेन्सर तो टिपतात. मग पुढची काही सेकंदं माणूस निपचित आहे की उठून चालू लागला ते बघायचं. टाळी वाजवली, टेबलावर हात आपटला, तर या चाळणीत ते गळून पडतं. महागडे सेन्सर दिवसातून काही मिनिटंच चालतात, पण नेमक्या गरजेच्या मिनिटांना.

राखणदाराच्याही चुका असतात, आणि त्या कोणाच्या वाट्याला येतात ते बघण्यासारखं आहे. बरीच उपकरणं पहिली काही पावलं मोजतच नाहीत. आठ-दहा पावलं एका लयीत पडली की मगच ‘हे चालणं आहे’ असं मानून मागची पावलं जोडतात. हात झटकला, केस विंचरले, तर त्याची पावलं होऊ नयेत म्हणून ही काळजी. तरुण माणूस स्टेशनपर्यंत चालत जातो, त्याचं यात काही जात नाही. माझ्या वडिलांचा अख्खा दिवस खुर्ची ते खिडकी, खिडकी ते पलंग अशा पाच-सहा पावलांच्या तुकड्यांत जातो. तीही पाय घासत, संथ. त्यांचं चालणं यंत्राच्या लेखी जवळजवळ घडतच नाही. वर उल्लेख केलेल्या माहितीसंचातले ३० स्वयंसेवक १९ ते ४८ वयाचे होते, हे मला त्यानंतर फार लागलं. यंत्र ज्यांच्या चालीवर शिकतं, त्यांनाच ते नीट ओळखतं. ही उणीव मोठी बॅटरी बसवून भरून निघत नाही. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांच्या चालीच्या नोंदी घ्याव्या लागतात.

म्हणूनच खोक्यावर लिहिलेल्या अचूकतेच्या टक्केवारीकडे जरा थांबून बघावं. दिवसाच्या २४ तासांतले २२ तास बसून किंवा झोपून काढणारा माणूस घ्या. त्याच्या हातात असं यंत्र बांधा, जे काहीही न मोजता कायम ‘स्थिर आहे’ एवढंच म्हणतं. ते जवळपास ९२ टक्के वेळ बरोबर ठरेल, आणि बॅटरी तर वापरणारच नाही! पडण्याच्या बाबतीत हे आणखी गंभीर. ‘पडला नाही’ असं वर्षभर म्हणत राहणारं यंत्र एका क्षणाखेरीज कायम बरोबर असतं. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: खऱ्या दहा पडण्यांपैकी किती पकडले? आणि दहा वेळा ओरडलं त्यांतले खरे किती? दुसऱ्या प्रश्नालाही तितकंच वजन द्या. रोज खोटी आरोळी ठोकणारं घड्याळ माणूस आठवड्याभरात काढून ठेवतो.

आकडे कुठे चघळायचे, यावरही वीज वाचते. ५० हर्ट्झने तीन दिशांचे, प्रत्येकी दोन बाइटचे आकडे ब्लूटूथवरून फोनकडे पाठवले तर दिवसाला सुमारे २ कोटी ५९ लाख बाइट होतात. त्याऐवजी घड्याळातच २.५६ सेकंदांच्या प्रत्येक खिडकीचा निकाल लावून एकच बाइट पाठवला, तर ३३,७५०. फरक ७६८ पटींचा. हा निकाल लावायला लहानसा ‘जर-तर’चा निर्णयवृक्ष बऱ्याचदा पुरतो. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या एलएसएम६डीएसओएक्स या सेन्सरमध्ये तो चिपच्या आतच चालतो, प्रोसेसरला उठवावंही लागत नाही. किंमत मात्र मोजावी लागते. मूळ आकडे फेकून दिले की उद्या जास्त चांगली पद्धत सापडली तरी कालचा दिवस पुन्हा तपासता येत नाही.

संशोधकांना नेमकी हीच गोष्ट परवडत नाही. ब्रिटनमधल्या यूके बायोबँक या मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पाने २०१३ ते २०१५ मध्ये एक लाखाहून जास्त लोकांच्या मनगटावर आठवडाभरासाठी अ‍ॅक्सेलेरोमीटर बांधला. सेकंदाला १०० नोंदी, तीन दिशा, सात दिवस. गुणाकार केला तर माणशी १८ कोटींवर आकडे होतात. छोट्याशा पट्ट्यात हे आठवडाभर टिकलं कसं? त्याला पडदा नव्हता, नाडीचा दिवा नव्हता, जीपीएस नव्हता, फोनशी गप्पा नव्हत्या. मोजायचं आणि स्मृतीत लिहायचं, एवढंच काम. कच्च्या आकड्यांत काडीचीही कसर केली नाही, बाकी सगळ्यावर पाणी सोडलं.

घरच्या घड्याळाबाबत हा निर्णय आपल्या हातात बराच असतो, आणि तो सेटिंगच्या पानांत दडलेला असतो. सतत उजळलेला पडदा, दर निरोपाला होणारी थरथर, रात्रभर रक्तातला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा, यांपैकी एकाचाही पडणं ओळखण्याशी संबंध नाही. वडिलांच्या घड्याळातलं मी हे सगळं बंद केलं. नाडी सतत मोजण्याऐवजी दर दहा मिनिटांनी ठेवली. अ‍ॅक्सेलेरोमीटरला हात लावला नाही. दीड दिवसाची बॅटरी जवळजवळ चार दिवसांवर गेली. चार्जिंगची वेळही बदलली: संध्याकाळी ते खुर्चीत वाचत बसतात आणि घरात आम्ही सगळे असतो, तेव्हा तासभर घड्याळ चार्जरला. रात्री हातात.

पावलांचा आकडा मात्र अजून खोटाच येतो. हल्ली ते वॉकर धरून घरभर फिरतात. दोन्ही मनगटं दांड्यावर घट्ट, हात हलतच नाही, आणि पंधरा मिनिटं फिरून आल्यावर पडद्यावर सात पावलं. वॉकर धरला तरी पाऊल उचलावं लागतंच, म्हणून एक छोटा पट्टा घोट्याला बांधून बघणार आहे.